सहा हजारांचं बजेट आणि आण्णांचे कान

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा.

दिवाळीच्या आधी मी इथं एक साधा प्रश्न टाकला होता. सहा हजारांत कोणतं होम थिएटर घ्यावं? कमेंटचा पाऊस पडला. निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, बेस भारी पाहिजे. एका मित्राने लिहिलं, "भाऊ, पत्रे उडाले पाहिजेत." दुसऱ्याने थेट ५.१ ची लिंक टाकली, वर 'दहा हजार वॅट' असं लिहिलेलं. एका ताईंनी मात्र विचारलं, "घेताय कोणासाठी?" त्यांना तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही, कारण ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. आज लिहितोय.

घेत होतो आण्णांसाठी. आमचे वडील, वय ६७. सव्वीस वर्षं जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये होते. मिलचं नाव लिहीत नाही, मालक आता दुसरे आहेत आणि मुद्दा एका मिलचा नाहीही. जालन्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचं गाव बियाण्यांसाठी आणि मोसंबीसाठी जितकं ओळखलं जातं तितकंच सळईसाठी. भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट पाडायचे, ते तापवून रोलमधून काढायचे आणि सळई करायची. महाराष्ट्रात कुठंही स्लॅब पडत असेल तर त्यात जालन्याचं लोखंड असण्याची शक्यता बरीच. आण्णा गरम सळई कापायच्या मशीनवर होते. रोज आठ तास, कधी बारा.

आता ते घरी असतात. बदनापूर तालुक्यात अडीच एकर कोरडवाहू आहे, ती धाकटा भाऊ बघतो. आण्णांचं जग म्हणजे बाज, चहा आणि टीव्ही. टीव्हीवर बातम्या, कीर्तन, जुने मराठी सिनेमे. टीव्हीचा आवाज कायम शेवटच्या काड्यांवर. आई ओरडते, पोरांचा अभ्यास होत नाही, शेजारच्या काकू भिंतीवर टकटक करतात. आणि एवढं करून आण्णा विचारतात, "काय म्हणला रे तो?"

सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो कोणाला सांगायला नको. आमचा कापूस पाण्यात उभा होता. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आण्णा टीव्हीसमोर, मी कामावर. संध्याकाळी आलो तर ते हिरमुसून बसलेले. म्हणले, "हेक्टरी आठ हजार देणार म्हणं. त्यात बियाण्याचं तरी निघतंय का?" मी मोबाईलवर काढून दाखवलं, कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० जाहीर झालेत. साडेअठरामधलं त्यांच्यापर्यंत फक्त 'आठ' पोचलं होतं. (जाहीर झालेलं आणि हातात पडलेलं यात अंतर असतं, तो विषय वेगळा. त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन.)

कापसाच्या भावाचंही तेच. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होता. सात आणि आठ हे दोन शब्द आण्णांच्या कानाला जवळपास सारखेच लागतात. कानाने भाव ऐकायचा आणि त्यावर माल धरायचा की काढायचा ठरवायचं, अशा माणसाला हा फरक किती महागात जातो बघा.

म्हणून आधी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली, कागदावर आलेख आला. जाड आवाजाकडची रेघ बऱ्यापैकी वर होती, बारीक आवाजाकडे जाता जाता खाली कोसळलेली, आणि ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डाच. डॉक्टरांनी न विचारता ओळखलं. "कुठं कामाला होते? मिल?" सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा कान आधी तिथंच जातो. वयाने जातो तोही बारीक आवाजाकडूनच जातो. आण्णांच्या बाबतीत दोन्ही मिसळलंय, त्यातलं वयाचं किती आणि मिलचं किती हे आता तोलून सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण तो खड्डा मिलचा.

इथं एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. आपण बोलतो त्यात आ, ए, ओ हे स्वर जाड आणि दमदार असतात. स, श, फ, थ, त, क ही व्यंजनं बारीक आणि अशक्त असतात. मिलने आण्णांची व्यंजनं नेली, स्वर ठेवले. त्यामुळे त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. टीव्ही कितीही मोठा केला तरी मोठे होतात ते स्वर. आई म्हणते, "तुम्हाला पाहिजे तेवढंच ऐकू येतं." तसं नाही माय, त्यांना अर्धंच ऐकू येतं.

आता बाजारात या. सिंधी बाजारापासून मामा चौकापर्यंत मी दोन संध्याकाळी फिरलो. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे सगळ्या दुकानांत मोठ्या टीव्हीची धामधूम. त्या टीव्हीसोबत गळ्यात मारायला होम थिएटर. प्रत्येक दुकानात एकच पद्धत. पोरगा पेनड्राइव्ह लावतो, डीजेचं गाणं सुरू करतो, सबवूफरच्या भोकासमोर तुमचा हात धरतो. "हवा बघा सर, हवा!"

हवा होती. पण आण्णांना हवा नको होती.

मी खिशातून माझा मोबाईल काढला. त्यात एक मराठी बातमीपत्र आणि एक कीर्तन उतरवून नेलं होतं. म्हणलं, हे लावा. पोरगा बघतच राहिला. बातम्यांवर होम थिएटर तपासणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा पाहिलं असेल. लावल्यावर खरी गंमत कळाली. निवेदिकेचा आवाज डब्यातून आल्यासारखा, खाली घुमणारा, 'स' आणि 'श' गायब. ज्या बॉक्सवर सगळ्यात मोठा वॅटचा आकडा होता त्यातून सगळ्यात वाईट ऐकू आलं. तुम्हाला घ्यायचं असेल तर एवढं नक्की करा, गाण्यावर तपासू नका. बोलणाऱ्या माणसावर तपासा, शक्यतो बाईच्या आवाजावर.

वॅटच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कमी बजेटवाल्याला इथंच फसवलं जातं. बॉक्सवर पीएमपीओ असं लिहिलेलं असतं. ते मोजायची काही एकच ठरलेली रीत नाही, कंपनीला जमेल तेवढे शून्य. बघायचा आकडा आरएमएस, म्हणजे यंत्र सलग किती देऊ शकतं तो. तोही पटत नसेल तर डबा उलटा करा. मागे छोटी पट्टी असते, तिथं वीज किती खातो ते लिहिलेलं असतं. मी पाहिलेल्या एका 'दहा हजार वॅट'वाल्याच्या मागे ६० वॅट होतं. साठ वॅट खाणारं यंत्र सलग दहा हजार कुठून देईल? म्हैस खाते त्यापेक्षा जास्त दूध देत नाही. हे दुकानदाराला बोललो तर तो हसला. म्हणला, "साहेब, लोक आकडा विचारतात, आम्ही आकडा ठेवतो." माणूस प्रामाणिक वाटला.

शिवाय वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असंही नसतं. दुप्पट वॅटने आवाज तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तेव्हा ४० की ६० यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

आता ५.१ चं प्रकरण. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. सिनेमात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून खरं ५.१ असेल तर संवाद स्पष्ट येतात हे खरंच आहे. पण त्यासाठी येणारा आवाजच सहा वाटांचा पाहिजे, आणि तो उलगडणारं यंत्र पाहिजे. आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे, त्यातून दोन वाटांचा आवाज येतो. पाच-सहा हजारांतले बरेचसे '५.१' डबे साध्या लाल-पांढऱ्या पिनवर किंवा ब्लूटूथवर चालतात. म्हणजे तोच आवाज पाच तोंडांनी ऐकायचा. आणि ४.१ मध्ये तर मधला स्पीकर नसतोच. दोनाऐवजी पाच स्पीकर घेतले की त्याच पैशांत प्रत्येक स्पीकर हलका होतो, हे वेगळं सांगायला नको.

साउंडबारचाही विचार केला. बोलणं उठावदार करायचं बटण असलेले साउंडबार येतात आणि ते काम करतं. पण माझ्या बजेटमध्ये जे मिळत होते त्यात ते बटण नावालाच होतं, ऐकून पाहिलं. दहा-बारा हजार असतील तर जरूर बघा.

आमची खोली दहा बाय चौदा, वर पत्रे, खाली फरशी. सबवूफर लावला की पत्र्याचा खिळा न् खिळा वाजणार. अशा खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. चांगल्या कानाला ते चालून जातं, गेलेल्या कानाला नाही. यावरचा उपाय बाजारात मिळत नाही, आजीच्या ट्रंकेत होता. टीव्हीच्या समोरच्या भिंतीला दोन गोधड्या टांगल्या. पाहुणे विचारतात, मी वाळत घातल्यात म्हणून सांगतो.

आणि सगळ्यात मोठा फायदा फुकट मिळाला. टीव्ही भिंतीवर, आण्णांची बाज चार मीटरवर. आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. चाराचे दोन, दोनाचा एक मीटर, म्हणजे बारा डेसिबल. बंद खोलीत पुरते बारा पदरात पडत नाहीत, पण पडतात तेवढेही खूप. वॅटवर हे मिळवायचं तर सोळापट लागतील. म्हणजे स्पीकर टीव्हीजवळ ठेवायचाच कशाला? आण्णांच्या उशाशी ठेवायचा.

तसंच केलं. दोन छोटे वीजेवरचे स्पीकर घेतले, बेस आणि ट्रेबलची वेगळी बटणं असलेले, सबवूफर नसलेले. ३,२०० रुपये. आमच्या टीव्हीला हेडफोनचं भोक नाही, फक्त ऑप्टिकल आहे, म्हणून तो आवाज साधा करून देणारी छोटी डबी ४५० ला. वायर २५०. झाले ३,९००. बाजेच्या डोक्याकडे दोन्ही बाजूंना कानाच्या उंचीवर स्पीकर, बेस जवळपास बंद, ट्रेबल चढवलेला. ती डबी लावताना टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर करावा लागतो, नाहीतर काहीच ऐकू येत नाही आणि माणूस डबी परत करायला निघतो.

ब्लूटूथ मुद्दाम टाळलं. त्यात आवाज ओठांच्या मागून येतो. तुम्हाला-मला ते चालवून घेता येतं, पण कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. ओठ एक सांगणार आणि कान मागून दुसरं, मग डोकं कामच करत नाही.

पहिल्या रात्री आण्णांनी बातम्या पाहिल्या. टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद, स्पीकर मध्यम. स्वयंपाकघरात आईला काही ऐकू जात नव्हतं. तिने दोनदा येऊन बघितलं की टीव्ही चालू आहे का. आण्णांनी सगळं काही ऐकलं असं म्हणणार नाही. पण त्यांनी मला एकदाच विचारलं, एरवी वीस वेळा विचारतात.

आता जे मला जास्त बोचतंय ते लिहितो.

आवाजाने बहिरेपण येणं हा कायद्याने मान्य केलेला कामाचा आजार आहे. आण्णा कामावर होते तेव्हाचा कारखाना कायदा १९४८ चा, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या आजारांच्या यादीत ते आहे. म्हणजे असा कामगार आढळला तर व्यवस्थापनाने आणि डॉक्टरने सरकारला कळवायचं असतं. कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल. आवाज ९५ झाला की चारच तास, १०० झाला की दोन. लोखंड कापायच्या मशीनजवळ उभं राहून बघा, मग सांगा. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदाही आवाजाने आलेलं बहिरेपण मोजायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तिथल्या यादीतही हा आजार कायम आहे. कागद भक्कम आहेत.

मी आण्णांना विचारलं, सव्वीस वर्षांत तुमचा कान कधी कोणी तपासला? ते हसले. "कान? डोळ्यात ठिणगी गेली तर पाणी मारायचो." कानात घालायला काय होतं? कापूस. आमच्याच शेतातला. कापसाने आवाज फारसा अडत नाही, पण घातला की बरं वाटतं. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात दहा-वीस रुपयांत जोडी मिळते. मजूर ठेकेदाराचा, आज या मिलला तर उद्या त्या मिलला, मग कान कोणाच्या खात्यात गेला हे कोण लिहिणार?

नंतरची मदतही बघा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'ऐकण्यास कमी' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी. आण्णांचा बऱ्या कानाचा आकडा ४८. म्हणजे मिलने एवढं नेलं की हेक्टरी मदत ऐकू येत नाही, पण प्रमाणपत्र मिळण्याएवढं नेलं नाही. ६५ च्या वरच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर श्रवणयंत्रासारख्या वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये. ज्यांनी अर्ज केला नसेल त्यांनी करा, पैसे आपलेच आहेत. पण दोन्ही कानांना बरी डिजिटल यंत्रं घ्यायची तर खर्च पाच आकडी, तिथं तीन हजार कुठं पुरणार. आणि स्पष्टच सांगतो, स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय नाही. उशाशी ठेवलेला स्पीकर टीव्हीपुरता. नातू शाळेतून येऊन काय सांगतो ते त्यातून ऐकू येत नाही. बजेटमधले उरलेले २,१०० मी यंत्राच्या नावाने बाजूला ठेवलेत, पुढच्या मोसमात कापूस नीट आला तर भर घालीन.

एक बाजूची गोष्ट. आपल्याकडे मिरवणूक कोणाचीही असो, डीजे लागतोच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या गल्लीतली पोरं दिवसभर मिलमध्ये उभी राहतात आणि संध्याकाळी त्याच कानांनी डीजेच्या भिंतीसमोर नाचतात. मी काही बोललो की "काका, वर्षातून एकदा" म्हणतात. त्यांच्यातला एकजण २४ वर्षांचा आहे. परवा त्याला गल्लीच्या तोंडाशी मागून हाक मारली. तिसऱ्या हाकेला वळला.

त्याला फोमच्या बोळ्यांच्या चार जोड्या दिल्यात. घालतो की नाही माहीत नाही. सुपरवायझर काय म्हणतो ते आल्यावर सांगेन म्हणला.

ज्यांनी मॉडेल विचारलंय त्यांना: मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही, सहा महिन्यांत ते बाजारातून जातं. दोन स्पीकर, ट्रेबलचं वेगळं बटण, मागच्या पट्टीवरचे वॅट, आणि मोबाईलमध्ये एक बातमीपत्र. बॉक्सवरच्या आकड्याबद्दल कोणी दादागिरी केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. स्पीकर घेताना वायर जास्तीची आणली होती, पाच मीटर उरलीय. जालन्यात कोणाला घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी लागत असेल तर कमेंट करा, आणून देतो.